कुटुंबाला जमीन किती लागते? दाराच्या आतली आणि दाराबाहेरची

इंदुरात अन्नपूर्णा रस्त्याच्या बाजूला, एका जुन्या कॉलनीत चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट असलेल्या एका सद्गृहस्थांचा प्रश्न आहे. वडिलांनी बांधलेले बैठे घर पाडून तेथे मल्टी, म्हणजे फ्लॅटची बहुमजली इमारत, उभारू द्यावी, असा बिल्डरचा आग्रह आहे. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, मल्ट्यांनीच इंदूर बकाल केले, माणसाने जमिनीवरच राहावे. तेव्हा एका कुटुंबाला राहण्यासाठी मुळात किती जमीन लागते, आणि शहर किती दाट झाले म्हणजे ते राहण्यालायक उरत नाही, असे त्यांनी विचारले आहे. तीसेक वर्षे याच शहरात ले-आउट आखण्याचे काम केल्यामुळे, आणि त्यातले काही चुकीचे आखल्यामुळेही, या प्रश्नाचे उत्तर मला थोडे विस्ताराने द्यावेसे वाटते.

सर्वप्रथम एक हिशेब मांडतो. महानगरांसाठी केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूत्रांमध्ये हेक्टरी १२५ ते १७५ माणसे ही घनता योग्य मानलेली आहे. (बिघ्याचे माप आपल्याकडे गावागणिक बदलते, म्हणून मी हेक्टरच धरतो.) मधला आकडा १५० घेतला आणि कुटुंब पाच माणसांचे धरले, तर एका हेक्टरात ३० कुटुंबे बसतात, म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सुमारे ३,६०० चौरस फूट जमीन येते. हा आकडा ऐकून लोक चकित होतात, कारण आपल्याकडे वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर पाच माणसे व्यवस्थित राहताना सगळ्यांनी पाहिलेली असतात. हजार फुटांवर घर होते हे खरे. पण उरलेले २,६०० फूटही तेच कुटुंब वापरत असते. ते रस्त्यात, शाळेत, बाजारात, दवाखान्यात, कारखान्यात, टाकीखाली, स्मशानात आणि बगीच्यात विभागलेले असतात, आणि त्यांची रजिस्ट्री कोणाच्या नावावर नसते एवढेच. म्हणून किती जमीन लागते, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, दाराच्या आत फार थोडी लागते. शहराचे बरेवाईट ठरते ते दाराबाहेरच्या जमिनीवर, आणि आपली सारी भांडणे मात्र दाराच्या आतल्या जमिनीवरून होतात.

घनतेचा आकडा कोणी तोंडावर फेकला, तर तो कोणत्या जमिनीला भागून काढला आहे, हे आधी विचारावे. २०११ च्या जनगणनेत इंदूर महापालिकेच्या हद्दीत सुमारे २० लाख माणसे होती आणि हद्द साधारण १३० चौरस किलोमीटरची होती. म्हणजे घनता हेक्टरी दीडशेच्या घरात आली. पुढे २९ गावे पालिकेत आली आणि हद्द दुपटीच्या आसपास गेली. त्या दिवशी कागदावरची घनता घसरली, पण सराफ्यातल्या गल्लीत एका माणसाचीही गर्दी कमी झाली नाही. मुंबईचा २०११ चा आकडा हेक्टरी दोनशेच्या थोडा वर आहे, आणि पॅरिसचाही त्याच्याच आसपास आहे. मुंबईच्या त्या क्षेत्रफळात बोरिवलीचे जंगल मोडते, खाडीकाठची खारजमीन मोडते, आणि माणसे उरलेल्या जागेत दाटलेली आहेत. पॅरिसमध्ये ती सहा-सात मजल्यांच्या, एकाला एक लागून असलेल्या इमारतींत शहरभर बरीच समान पसरलेली आहेत. आकडा सारखा असला तरी ही दोन शहरे राहण्याच्या दृष्टीने सारखी आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

त्याहून मोठा घोटाळा आहे तो दाटी आणि कोंडी या दोन गोष्टी एकच समजण्याचा. जमिनीवर किती माणसे आहेत ही दाटी, आणि एका खोलीत किती माणसे आहेत ही कोंडी. माझे लहानपण रामबागेजवळच्या एका दुमजली वाड्यात गेले. साठ बाय नव्वद फुटांच्या त्या जागेत आम्ही अकरा बिऱ्हाडे होतो, माणसे बावन्न, खोल्या सतरा, नळ एक आणि संडास दोन. हेक्टरी हिशेब केला तर केवळ घराखालच्या जमिनीवर हजाराहून जास्त माणसे भरतात, आणि नियोजनाची पुस्तके वाचलेला कोणीही मनुष्य तो आकडा पाहून वाडा पाडायला निघेल. पण आम्हाला त्रास जो होता, तो चौकाचा नव्हता. चौकात ऊन येत होते, पापड वाळत होते, आमचे क्रिकेट होत होते, आणि उन्हाळ्यात रात्री माळवदावर अंथरुणे पडत होती. त्रास होता तो एका खोलीत तीन-तीन माणसांचा आणि सकाळी संडासापुढच्या रांगेचा. त्याच जागेवर आणखी दोन मजले, दर बिऱ्हाडाला स्वतःचे न्हाणीघर आणि दोन खोल्या असत्या, तर घनता तेवढीच राहून कोंडी गेली असती. उलट, चाळीस बाय साठच्या प्रशस्त घरात वरच्या एका खोलीत सहा शिकाऊ मुले भाड्याने ठेवलेली मी पाहिली आहेत. तेथे दाटी नाही, पण कोंडी पुरेपूर आहे.

हा भेद आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी समजावून सांगितला होता. होळकर दरबाराने बोलावलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगाची भीती ताजी होती, आणि दाट मोहल्ल्यांमधून सरळ रुंद रस्ते काढणे, हाच त्या काळचा सरकारी उपाय होता. गेडिस यांनी त्याला विरोध केला. पडकी, निरुपयोगी झालेली मोजकी घरे काढावीत, तेथे चौक मोकळा करावा, झाड लावावे, आणि बाकीची वस्ती जागेवर ठेवून तिची गटारे व पाणी सुधारावे, अशी त्यांची पद्धत होती. तिला त्यांनी शस्त्रक्रियेचीच उपमा दिली होती, जिच्यात अवयव न कापता रोग काढायचा असतो. ज्या घरांवरून रस्ता जातो, त्या घरातली माणसे हवेत विरत नाहीत, ती शेजारच्या घरात कोंबली जातात, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते. आजही रस्तारुंदीकरणाच्या प्रत्येक नकाशासमोर मी तेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते कोणी ऐकत नाही.

आता मजल्यांकडे येऊ, कारण तुमच्या बिल्डरचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. समजा, माणशी १२ चौरस मीटर बांधकाम धरले, म्हणजे पाच जणांना ६० चौरस मीटरचे घर. बैठ्या घरांच्या वस्तीत प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या ०.६ पट बांधकाम होते, तेव्हा माणशी २० चौरस मीटर प्लॉट लागतो. बांधकाम १.२ पट केले तर १० मीटर, २.४ पट केले तर ५, आणि टॉवर चढवून ४.८ पट केले तर अडीच. पण रस्ते, शाळा, बाजार, कामाच्या जागा, बगीचे यांसाठी लागणारी माणशी ४० चौरस मीटर जमीन त्याने हटत नाही. म्हणजे एकूण गरज ६० वरून ५०, मग ४५, आणि शेवटी साडेबेचाळीस. पहिल्या दुपटीने माणशी दहा मीटर वाचले, दुसरीने पाच, तिसरीने अडीच. बैठ्या घरावर आणखी एक-दोन मजले चढवण्यात जमिनीची खरी बचत आहे; पंधराव्या मजल्यापर्यंत जाण्यात ती जवळजवळ नाही. तेथे बचत होते ती बिल्डरच्या प्लॉटची, शहराच्या जमिनीची नव्हे. आणि कोणी टॉवर बांधून आजूबाजूची ४० मीटर जमीनही कापली, तर ती बचत शाळेच्या मैदानातून आणि पदपथातून झालेली असते.

वर्ष १९१२ मध्ये इंग्लंडात नगररचनाकार रेमंड अनविन यांनी याच धर्तीचे गणित मांडून एकरी १२ घरे पुरेत, असा आग्रह धरला होता. त्यांच्या गणिताचे मला कौतुक आहे, निष्कर्ष मात्र आपल्या कामाचा नाही, कारण उन्हाला भुकेलेल्या त्या देशात प्रत्येक घराला हिरवळ हवी होती आणि आपल्याला मे महिन्यात सावली हवी असते.

ज्याकडे सामान्य माणसाचे लक्ष जात नाही आणि ज्यात शहराचे सर्वात जास्त पैसे जातात, ती गोष्ट म्हणजे प्लॉटचे तोंड, म्हणजे त्याची रस्त्याकडची रुंदी. इंदुरात पंधरा बाय पन्नासचे प्लॉट आहेत, वीस बाय पन्नासचे आहेत, तीस बाय पन्नासचे आहेत, आणि तुमच्यासारखे चाळीस बाय साठचेही आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे आहेत असे धरा. पंधरा फूट तोंडाच्या घराच्या वाट्याला साडेसात फूट जलवाहिनी, साडेसात फूट ड्रेनेज आणि, रस्ता तीस फुटी असेल तर, २२५ चौरस फूट रस्ता येतो. चाळीस फूट तोंडाच्या घराला वीस फूट जलवाहिनी, वीस फूट ड्रेनेज आणि ६०० चौरस फूट रस्ता. नर्मदेचे पाणी १९७८ पासून आपण सुमारे सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून डोंगर चढवून आणतो; ते इतक्या महागात आणून पुन्हा रुंद प्लॉटांच्या पुढून लांबच लांब फिरवायचे, आणि मग शेवटच्या घराला दाब मिळत नाही म्हणून प्रत्येकाने टुल्लू पंप बसवायचा, अशी ही आपली रीत आहे. प्लॉटच्या क्षेत्रफळाइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा आहे. त्याच हजार फुटांचा प्लॉट वीस बाय पन्नास आखला तर शहराला जो खर्च येतो, तो पंचवीस बाय चाळीस आखल्यास एक चतुर्थांशाने वाढतो, आणि घरात राहणाऱ्याला त्यातून फारसे काही मिळत नाही.

हे सगळे ज्यांनी आपल्याच शहरात करून दाखवले, ते वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी. इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० च्या दशकात त्यांनी आखलेली अरण्य वस्ती, म्हणजे स्कीम नंबर ७८, सुमारे ८५ हेक्टरांवर आहे आणि तिच्यात साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट आहेत. सर्वात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम पावणेचारशे फुटांचा, आणि सर्वात मोठा त्याच्या दहापटीहूनही मोठा. गरीब कुटुंबाला तयार घर न देता जोते, न्हाणी-संडासाचा गाळा आणि नळ-ड्रेनेजची जोडणी दिली, बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नमुन्यासाठी ८० घरे बांधली होती. तेथील ओटे, बाहेरून चढणारे जिने, गच्च्या आणि दोन घरांच्या मधले छोटे चौक पाहिले की आपल्या जुन्या इंदूरची आठवण येते. १९९५ मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आता गणित पाहा: रस्ते, शाळा, बाजार, मैदाने यांसह सगळी जमीन धरून हेक्टरी ७६ प्लॉट पडतात. प्रत्येकावर पाचच माणसे धरली तरी हेक्टरी ३८० माणसे झाली, म्हणजे मानकाच्या अडीच पट. आणि यात एकही लिफ्ट नाही. प्रत्यक्षात एका प्लॉटवर मजले चढून दोन-तीन कुटुंबे राहतात, तेव्हा आकडा त्याहून बराच वर गेलेला आहे. वस्तीत उणिवा आहेत, मूळ नकाशातल्या काही मोकळ्या जागांवर पुढे बांधकामे झाली, हे खरे. तरीही दाट म्हणजे उंच, ही समजूत ज्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे, त्यांनी विजय नगरच्या पुढे एक संध्याकाळ तेथे चालून यावे.

माझी चूकही येथे सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गृहनिर्माण संस्थेचा ले-आउट मी आखला. सभासद सगळे मध्यमवर्गीय, पुष्कळसे आपलेच मराठी लोक, आणि सर्वांना चाळीस बाय साठच हवा होता. मीही उत्साहाने सरसकट तोच प्लॉट आखला, कारण नकाशा सुबक दिसत होता. साधारण निम्मी जमीन रस्ते आणि बगीच्यांत गेल्यावर हेक्टरी चोवीस प्लॉट बसले. आज तेथे एक तृतीयांश प्लॉट मोकळे पडलेले आहेत, गुंतवणूक म्हणून. जी घरे आहेत त्यांतली मुले पुण्याला आणि बंगळूरला गेली, आणि अडीच हजार फुटांवर दोन म्हातारी माणसे राहतात. कोपऱ्यावर किराणा दुकान दोनदा उघडले आणि दोनदा बंद पडले, कारण चालत येणारे गिऱ्हाईकच नाही. दूध आणायलाही स्कूटर काढावी लागते. त्याच जमिनीवर चौथा हिस्सा प्लॉट पंधरा बाय पन्नासचे आणि थोडे वीस बाय पन्नासचे ठेवले असते, तर दुकान चालले असते, कामवाल्या बाईंना जवळच घर मिळाले असते, आणि संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसला असता. सगळे प्लॉट एकाच मापाचे असणे ही मला आता घनतेपेक्षाही मोठी चूक वाटते.

उंचीबद्दल दोन गोष्टी माळव्याच्या मातीतल्या आणि उन्हातल्या आहेत. आपली जमीन काळी; पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे पाडते. पाया खोल घ्यावाच लागतो. तो खर्च एका मजल्यासाठी केला काय किंवा तीन मजल्यांसाठी केला काय, त्यात प्रमाणापेक्षा कमीच फरक पडतो, म्हणून दुसरा आणि तिसरा मजला स्वस्त पडतो. १५ मीटरच्या वर मात्र राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारत उंच ठरते, आगीचे नियम कडक होतात, लिफ्ट आणि पंप दिवसरात्र चालवावे लागतात, आणि दरमहाचा मेंटेनन्स हा कायमचा हप्ता होऊन बसतो. दुसरी गोष्ट सावलीची. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला असल्याने डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य ४४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे सावली जवळजवळ इमारतीच्या उंचीएवढीच पडते. तुमच्या उत्तरेच्या शेजाऱ्याच्या अंगणातली तुळस आणि त्यांच्या आजोबांची हिवाळ्यातली आरामखुर्ची तुमची इमारत किती उंच आहे, यावर अवलंबून आहे. १० मीटरची इमारत असेल तर मधल्या मोकळ्या जागेनंतरही थोडे ऊन राहते; ३० मीटरची असेल तर थंडीभर त्यांचे पूर्ण घर सावलीत जाते. शेजाऱ्यांचा राग मल्टी या शब्दावर नसून बहुधा या सावलीवर आणि फाटकासमोर लागणाऱ्या गाड्यांवर आहे.

गाड्यांचे तर स्वतंत्रच प्रकरण आहे. नियोजनात एका मोटारीसाठी, ती वळवण्याच्या जागेसह, उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२ मीटर जागा धरतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांतल्या कुटुंबाचे घर ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्रफळाचे धरले होते. म्हणजे पाच माणसे आणि एक मोटार यांची जागेची गरज आपण जवळपास सारखी मानली आहे, आणि मोटारीसाठी जागा कमी पडली की ती रस्त्यावर उभी करायला आपल्याला काही वाटत नाही.

तुमच्या प्लॉटला हे लावून पाहू. २,४०० फूट म्हणजे २२३ चौरस मीटर. चारही बाजूंचे एमओएस, म्हणजे नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर समजा निम्म्या जागेवर, म्हणजे १११ मीटरवर, इमारत बसली. खाली गाड्या आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर दोन, असे सहा फ्लॅट काढले तर सहा गाड्यांना १६८ मीटर जागा हवी, आणि खाली आहेत १११, त्यातही जिना आणि पाण्याची टाकी. म्हणजे निदान तीन गाड्या पहिल्याच दिवसापासून रस्त्यावर येणार. मजल्याला एक, असे तीनच फ्लॅट केले तर ८४ मीटर पुरतात आणि काम जमते. तुमच्या बिल्डरला मी एवढाच प्रश्न विचारीन की, गाड्या कुठे राहतील ते नकाशात दाखवा; पुष्कळदा बोलणे तेथेच थांबते. रस्त्याची रुंदी, परवानगीचे बांधकाम आणि प्रत्यक्ष एमओएस किती हे नगर आणि ग्राम निवेश या सरकारी खात्याच्या सध्याच्या नियमांवरून एखाद्या नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे, कारण माझे आकडे ढोबळ आहेत.

माझा सल्ला विचाराल तर बिल्डरला जमीन देऊ नये, आणि बैठे घरही तसेच ठेवू नये. तीन मजले स्वतःच बांधावेत, एकदम शक्य नसेल तर पाया आणि कॉलम तिन्ही मजल्यांचे घेऊन सध्या दोनच मजले चढवावेत. जिना घराच्या पोटात न ठेवता रस्त्याच्या बाजूने, स्वतंत्र दारासह ठेवावा. मुले बाहेरगावी असली तर एक मजला भाड्याने जाईल, उद्या कोणी परत आले तर त्याचे वेगळे बिऱ्हाड त्याच छपराखाली होईल, आणि त्यासाठी आतल्या भिंती फोडाव्या लागणार नाहीत. पाण्याची टाकी मात्र आजच तीन कुटुंबांच्या मापाची बांधून घ्यावी, माणशी रोजचे १३५ लिटर आणि एक दिवसाआड येणारे पाणी धरून. टाकी लहान निघाली तर तळमजला पुन्हा उकरावा लागतो, आणि काळ्या मातीत ते काम कोणी हौसेने करत नाही.